मुका मार

पोलिसांच्या काठीचा मार खाऊन घरी आला असाल, तर आधी आपली लघवी बघा. वाचायला कसंतरी वाटतंय ना? मलाही वाटायचं. तरी बघा. रंग कोऱ्या चहासारखा झाला असेल तर मलम चोळत बसू नका, घरच्यांपासून लपवू नका, तडक मोठ्या हॉस्पिटलात जा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

दुसरं कारण राग. तो उतरलेला नाही. उतरावा अशी माझी इच्छाही नाही. आजारपणाने माणूस कसा शांत होतो, क्षमाशील होतो, असं काही वाचायला मिळेल या आशेने कोणी आलं असेल तर त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

मी सुजाता. अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये राहते. बायकांना गाडी चालवायला शिकवते. एक लाल ठिपक्यांची छोटी गाडी, माझ्या पायाशी जादा क्लच-ब्रेक, मागे पुढे ‘एल’. नवशिक्या बायकांना मी आरेच्या रस्त्यावर नेते. झाडी आहे, वळणं आहेत, गाडी बंद पडली तर मागून हॉर्न मारणारे कमी. नवरा विलास एका खाजगी कंपनीत हिशेब बघतो. मुलगी पल्लवी कॉलेजात आहे. एवढंच आमचं घर.

फाटकासमोर

आमच्या वस्तीच्या तोंडाशी पालिकेचं प्रसूतिगृह आहे. पल्लवी तिथेच झाली. दुरुस्ती करायची म्हणून त्याला कुलूप लागलं ते निघालंच नाही. जागेवर टॉवर येणार अशी कुजबुज सुरू झाली तशा बायका फाटकासमोर बसू लागल्या. सतरंजी, पाण्याचे कॅन, मांडीवर पोरं. घोषणा धड कोणाला देता येत नव्हत्या. एकीने सुरू केली की दुसरीला हसू फुटायचं.

मी काही रोज बसणारी नव्हते. दोन क्लासच्या मध्ये वेळ मिळाला की गाडी कडेला लावून बिस्किटांचे पुडे देऊन जायचे. त्या दिवशीही त्यासाठीच थांबले होते. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. फौजदार उतरला. चाळिशीतला, उंच, दाढी घोटलेली. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, वकिलीणबाईंनी बजावलंय. तो म्हणाला, “पाच मिनिटांत जागा खाली करा.” बायका एकमेकींकडे बघत सतरंजीचं टोक गुंडाळायला लागल्या. पाच मिनिटं कसली, एक मिनिटही गेलं नसेल, काठ्या सुरू झाल्या.

कमलमावशींच्या हातावर पहिली बसली. सत्तरीच्या आहेत त्या. आमच्या मजल्यावर राहतात. मी मोबाइल काढला आणि शूटिंग करायला लागले. फार विचार करून नव्हे. समोर जे होतंय ते उद्या कोणी मान्य करणार नाही, एवढं मात्र त्या क्षणी कळलं होतं.

तो माझ्याकडे चालत आला. धावत नाही, चालत.

“शूटिंग करते? पत्रकार आहेस?”

“नाही. इथेच राहते.”

“मग घरी जा.”

“मावशींना का मारलंत ते सांगा, जाते.”

त्याने मोबाइल हिसकावला, माझ्याच गाडीच्या बॉनेटवर आपटला, मग बुटाखाली घेतला. “हिला जरा दाखवा शूटिंग,” म्हणाला आणि पहिली काठी स्वतःच मारली. मांडीवर. मग आणखी दोघे आले. मांड्या, पोटऱ्या, कुल्ले, पाठ. दोन महिला पोलीस फाटकाजवळ उभ्या होत्या. त्यातली एक आपल्या बुटांकडे बघत होती.

त्यानंतर चौकीतल्या आतल्या खोलीत पुन्हा. तिथलं सगळं मी लिहिणार नाही. एक गोष्ट लिहिते. त्याचा चेहरा अजिबात रागावलेला नव्हता. कपडे इस्त्री करणाऱ्याचा असतो तसा, कामात असलेला चेहरा. तो रागावलेला असता तर कदाचित मी आज इतकी पेटलेली नसते.

संध्याकाळी विलास आला तेव्हा माझ्याकडून सह्या घेऊन मला सोडलं. गुन्हा माझ्यावरच दाखल झाला होता. सरकारी कामात अडथळा.

रंग

नाक्यावरच्या डॉक्टरांनी हाडं दाबून बघितली. “मुका मार आहे. फ्रॅक्चर नाही, नशीब समजा,” म्हणाले आणि दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. रक्त नाही, टाके नाहीत. मलाही वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी मांड्या फुगून लाकडासारख्या कडक झाल्या. संडासात बसता येईना. लघवी थोडीशीच झाली, आणि काळपट. पाणी कमी प्यायले असेन म्हणून मी फ्लश ओढला आणि गप्प बसले. विलास आधीच घाबरलेला होता, त्याला आणखी कुठे घाबरवू? त्याच्या पुढच्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, डोळे सुजून बारीक झाले. मी फ्लश ओढायला विसरले आणि पल्लवी माझ्या मागून आत गेली.

“आई! हे काय आहे? रक्त आहे का हे?”

माझ्याच गाडीतून मला हॉस्पिटलात नेलं. विलास गाडी फार वाईट चालवतो. मागच्या सीटवर आडवी पडून मी त्याला “सेकंड टाक, अरे सेकंड टाक,” सांगत होते, हे मला आठवतं.

तपासणाऱ्या डॉक्टर पल्लवीहून चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. मांडीवरचे निळे-काळे पट्टे बघून त्यांनी विचारलं, “कोणी मारलं?”

“जिन्यावरून पडली,” विलास म्हणाला.

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

“पोलिसांनी,” मी म्हणाले.

त्यांनी लिहायला घेतलं. लिहिता लिहिता सोप्या भाषेत सांगितलं. जबर मार बसला की आतलं मांस फुटतं. त्याचा गाळ रक्तात उतरतो आणि किडनीत जाऊन बसतो. माझ्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या.

“सुरू होतील ना?”

“बऱ्याच जणांच्या होतात. पण आज डायलिसिस केलं नाही तर हृदय कधी थांबेल सांगता येत नाही.”

विलास खाली बसला. खुर्ची नव्हती तिथे, फरशीवरच बसला. मला मात्र रडू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती. त्या माणसाने मला जिवे मारलंय, फक्त ते हळू चाललंय, आणि हे त्याला माहीतही नाही. तो आत्ता कुठेतरी वडापाव खात असेल.

तहान

मानेत नळी घातली. सुरुवातीला हॉस्पिटलात, मग घरी सोडल्यावर घाटकोपरच्या एका धर्मादाय केंद्रात एक दिवसाआड डायलिसिस. मेट्रोने जायचं, चार तास मशीनला जोडून घ्यायचं, पिळलेल्या फडक्यासारखं होऊन परत यायचं.

नव्या पेशंटना एक सांगते. सुईची भीती जाते, मशीनच्या आवाजाची जाते. तहान जात नाही. लघवी होत नसते, म्हणून पाणी मोजून. चहा, आमटी, गोळीसोबतचा घोट, सगळं त्यातच धरायचं. पल्लवी बर्फाचे छोटे खडे करून ठेवायची. एक खडा तोंडात ठेवला की तो पूर्ण विरघळेपर्यंत कोणी माझ्याशी बोललेलं मला चालायचं नाही. नळ उघडा राहिला तर मी पोरीवर ओरडायचे. एकदा टीव्हीवर धबधबा दाखवत होते, तर मी रिमोट फेकून मारला.

केंद्रातला टेक्निशियन ऑल्विन. मनोरीचा, रोज बोटीने खाडी ओलांडून यायचा. हात इतका हलका की नळी जोडल्याचं कळायचं नाही. एकदा मशीनवर असताना माझं बीपी घसरायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने पाय वर केले, मशीनचा वेग कमी केला आणि म्हणाला, “मॅडम, त्या साहेबाबद्दल काहीतरी बोला ना.”

“का रे?”

“तुम्ही त्याचं बोलायला लागलात की बीपी वर येतं. मी बघितलंय.”

मग मी बोलायचे. शेजारच्या खुर्चीवरच्या आजी कानावर पदर घ्यायच्या, पण ऐकायच्या. मी त्या फौजदाराला त्याच खुर्चीत बसवायचे. मानेत नळी. समोर काचेचा पेला, थंड पाण्याने भरलेला, बाहेरून घाम आलेला. हात बांधलेले. आणि मी समोर बसून सावकाश पाणी पितेय. रोज नवीन काहीतरी सुचायचं. पुस्तकात लिहितात की सुडाचे विचार माणसाला आतून खातात. मला ते चार तास त्यांनीच काढून दिले.

विलासची आत्या अकोल्याहून भेटायला आली. घरात बुद्धवंदना झाली. नंतर माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, “सुजा, त्याच्याबद्दलही मनात मैत्री ठेव बाई. द्वेषानं आजार वाढतो.”

“आत्या, आधी तो कोर्टाच्या पिंजऱ्यात उभा राहू दे. मग बघते मैत्रीचं.”

रात्री जाताना मात्र आत्या माझ्या उशाशी मोसंबी ठेवता ठेवता पुटपुटली, “कमलबाईचा हातही मोडलाय म्हणं. मेल्याचे हात झडोत.” किडनीच्या पथ्यात मोसंबी मला चालत नव्हती. पण बरं वाटलं.

विलास

पुरावा नव्हता, हे सगळ्यात जास्त खात होतं. मोबाइलचा चुरा झाला होता. पोलिसांचं म्हणणं, बाईने धक्काबुक्की केली, पळताना पडली. मला माझ्या बाजूने काही म्हणजे काही दाखवता येत नव्हतं.

एक दिवस डायलिसिसहून येताना पल्लवी सहज म्हणाली, “आई, गाडीत डॅशकॅम आहे ना? गाडी समोरच होती.”

एका शिकाऊ बाईने रिक्षाला ठोकलं तेव्हा चूक कोणाची यावरून भांडण झालं होतं, त्यानंतर मी तो स्वस्तातला, गाडी उभी असतानाही चालू राहणारा कॅमेरा काचेवर लावला होता. लावून विसरले होते. घरी पोचल्यावर वर न जाता गाडीपाशी गेले. कॅमेरा होता. आतलं कार्ड नव्हतं.

विलास ऑफिसातून आला. मी विचारलं. तो बूट काढत राहिला.

“विलास, कार्ड कुठाय?”

“माझ्याकडे आहे. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.”

“कधीपासून?”

“तू हॉस्पिटलात होतीस तेव्हापासून.”

म्हणजे मी तहानेने तडफडत होते, खोटारडी ठरत होते, तेव्हा ते याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होतं. माझ्या अंगात उभं राहायची ताकद नव्हती, तरी मी हाताला लागला तो स्टीलचा डबा त्याच्या दिशेने भिरकावला.

“तू माझा नवरा आहेस की त्यांचा माणूस?”

“दोघंजण घरी आले होते, सुजा. साध्या कपड्यात. तू हॉस्पिटलात होतीस. चहा घेतला त्यांनी. पल्लवीचं कॉलेज कुठलं, ती किती वाजता सुटते, सगळं त्यांनीच मला सांगितलं. आणि म्हणाले, मॅडमना विश्रांती घेऊ द्या. काय करायचं होतं मी?”

“मला सांगायचं होतंस!”

“तू ऐकलं असतंस?”

नसतं ऐकलं. ते त्यालाही माहीत होतं.

“बघितलंस काय आहे त्यात?”

“पूर्ण नाही बघितलं. तू मला हाका मारतेस त्यात. विलास, विलास. तिथेच बंद केलं. पुढे बघवेना आणि फेकवेनाही.”

मला आठवत नव्हतं मी कोणाला हाका मारल्या ते.

वाटलं असेल तुम्हाला, मी त्याला जवळ घेतलं असेन. नाही घेतलं. कितीतरी दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोलले. तो डायलिसिसला सोबत यायचा, बाहेरच्या बाकावर बसायचा, मी मान फिरवायचे. पण दुसऱ्याच दिवशी त्याने कार्ड आणून पल्लवीच्या हातात दिलं आणि म्हणाला, “आधी चार ठिकाणी कॉपी कर. मग काय करायचं ते तुम्ही ठरवा. तुला कॉलेजात सोडायला आणि आणायला मी येईन.” त्याने लागोपाठ रजा टाकल्या आणि खरंच गेला. पोरगी लाजेने मेली. आजारपणाने घरात काय होतं म्हणून कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते, की भित्रा माणूस आणि आपला माणूस एकच असू शकतो. त्याच्यावर राग धरायचा तेवढा धरून घ्यावा.

पल्लवीने तो व्हिडिओ टाकला. लोकांनी तो इतका पाठवला की आरेत माझ्याकडे शिकणाऱ्या बायकांच्या सासऱ्यांपर्यंत गेला. फौजदाराचा चेहरा स्वच्छ होता. आवाजही. “हिला जरा दाखवा शूटिंग.” चार दिवसांत तो निलंबित झाला.

मी त्या दिवशी दोन बर्फाचे खडे जास्त खाल्ले.

बादली

एका सकाळी जाग आली ती ओटीपोटात कळ येऊन. बाथरूममध्ये गेले. डॉक्टरांनी मोजायला प्लास्टिकचं भांडं दिलं होतं, त्याचा तळ झाकायला रोज नशीब लागायचं. त्या दिवशी भांडं भरलं. वाहून खालच्या बादलीत सांडलं. आणि रंग पिवळा! साधा, रोजचा, ज्याच्याकडे कोणी बघत नाही असा पिवळा.

मी आतूनच ओरडले. विलास आणि पल्लवी दाराला धडकले, त्यांना वाटलं पडले. भांडं हातात धरून मी दार उघडलं. पल्लवीने आत्याला अकोल्याला फोन लावला, “आजी, आईला लघवी झाली!” आणि तिकडून आत्या स्पीकरवर मोठ्याने रडली. विलास माझ्याकडे बघत उभा होता. “बघतोस काय,” मी म्हणाले, “चहा टाक. मोठा कप.” त्या दिवसापासून मी त्याच्याशी पुन्हा बोलायला लागले.

नळी निघाली. किडन्या पूर्ववत झालेल्या नाहीत. मीठ जपून, गोळ्या चालू, दर महिन्याला रक्त तपासणी. उजव्या मांडीतलं मांस खचलंय, त्यामुळे लंगडते. ब्रेक दाबता येतो. पुन्हा शिकवायला लागले.

तारीख

आणि तो? तोही कामावर परतला. चौकशी झाली, निलंबन उठलं, दुसरीकडे बदली झाली. हे कळलं तेव्हा मला वाटलं होतं की माझ्या किडन्या पुन्हा बंद पडतील.

रेश्मा ही माझी जुनी विद्यार्थिनी. चढावर गाडी मागे जाते म्हणून भोकाड पसरायची. आता वकिली करते. पोलिसांनी माझी तक्रार घेतली नव्हती, म्हणून तिने थेट कोर्टात खाजगी फिर्याद लावली. “मॅडम, हे खूप लांबणार,” ती म्हणाली. “माणसं कंटाळून सोडतात. त्याचा वकील त्याचीच वाट बघेल.” मी म्हणाले, “लांबू दे.” कोर्टाने व्हिडिओ बघितला, डॉक्टरबाईंचे कागद बघितले, त्याच्या नावाने समन्स काढलं. तो तारखांना आलाच नाही. कधी बंदोबस्त, कधी आजारी. मी प्रत्येक तारखेला गेले. शेवटी जामीनपात्र वॉरंट निघालं आणि तो आला.

कोर्टाच्या व्हरांड्यात आमची त्यानंतरची पहिली भेट. गणवेशात नव्हता. चौकटीचा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी, थोडं पोट सुटलेलं. मी बाकावर बसले होते. विलास माझ्या शेजारी. तो समोर येऊन उभा राहिला.

“ताई, तब्येत कशी आहे आता?”

विलासची बोटं माझ्या मनगटावर घट्ट झाली.

“ताई, वरून ऑर्डर असते. आम्ही काय, नोकर माणसं. झालं ते झालं. मिटवून टाकू ना. तुम्हालाही ही ये-जा झेपत नसेल.”

“झेपते,” मी म्हणाले.

तो इकडेतिकडे बघून खाली वाकला. आवाज बारीक केला. “माझी मुलगी दहावीला आहे. क्लासमधली पोरं तिला तो व्हिडिओ दाखवतात. ती जेवत नाही घरी. माझ्याशी बोलत नाही. तिच्याकडे बघून तरी...”

मुलीचा काय दोष? मला पल्लवी दिसली, बर्फाचा ट्रे घेऊन उभी. माझी नजर खाली गेली, आणि त्याला वाटलं जमलं. त्याच्या चेहऱ्यावर जो आशेचा उजेड आला, तो मला सहन झाला नाही.

“तिला गाडी शिकायची आहे का?” मी विचारलं.

“अं?”

“अठराची झाली की पाठवा माझ्याकडे. फी घेणार नाही. मी चांगलं शिकवते, कोणालाही विचारा. रोज तासभर माझ्या शेजारी बसेल. कधीतरी विचारेलच, मॅडम, तुमच्या पायाला काय झालं? मी सांगेन. पहिल्यापासून. तिला कळेल असं.”

चौकीतल्या त्या खोलीत ज्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, त्या चेहऱ्यावर आता बापाची भीती होती, उघडी, थेट. मी ती पोटभर बघून घेतली. चांगलं वाटलं. एका कोवळ्या पोरीचं नाव मध्ये घेऊन चांगलं वाटलं, हे लिहिताना लाज वाटतेय, पण खोडत नाही.

“सुजा,” विलास हळूच म्हणाला.

“तू गप्प बस.”

तेवढ्यात शिपायाने दारात येऊन पुकारा केला. फिर्यादी म्हणून माझं नाव आधी होतं. मी बाकाचा हात धरून उठले. तो अजून समोरच उभा होता, दाराची वाट अडवून.

“बाजूला व्हा,” मी म्हणाले.

तो झाला.